शेऱ्याचा रकाना

वही अप्पा बळवंत चौकातली,
दोनशे पानी, कापडी पाठीची.
दुकानदारानं विचारलं, "हिशेबाला का?"
मी म्हटलं, "हो."
खोटं नव्हतं ते.

तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
गेज घेऊन बसले मी.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी
भल्याभल्यांचं काम परत पाठवलं.
म्हणून रकाने आधी आखले,
पळायला नंतर लागले:
तारीख, अंतर, वेळ, बूट, हवा, शेरा.

पहिली नोंद पाषाणची, पाच किलोमीटर,
एक्केचाळीस मिनिटं सात सेकंद.
बूट: मुलाचे, पुढं कापूस कोंबून.
शेरा: एक आजोबा पुढं होते. शेवटपर्यंत पुढंच.

नंतरची पानं जरा गर्वाची आहेत.
बाणेर, दहा, पहिल्यांदाच तासाच्या आत;
तो 'आत' दोनदा गिरवलाय.
तळजाईच्या चढावर उलटी, तरी वेळ चांगली.
एनडीए रस्ता, धुकं, कुठंतरी मोर.
सिंहगड पायथा, अंगठ्याचं नख गेलं.
ते नख मी डबीत ठेवलं होतं काही दिवस,
सुनेनं "हे काय?" विचारलं तेव्हा टाकलं.

एका रविवारी हवेच्या रकान्यात
नुसतं 'आई' लिहिलंय.
तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पळून आले होते,
घरात कुणाला बोलले नाही.

पान सत्तेचाळीस.
डिसेंबर, बेचाळीस किलोमीटर.
बरोबर कुंदन ओव्हाळ,
दापोडीत पंक्चर काढतो, माझ्या निम्म्या वयाचा,
माझ्यासाठी हळू पळायचा
आणि कधी कबूल करायचा नाही.
बंडगार्डनच्या पुलाअलीकडं म्हणाला,
"काकू, जरा बसतो."
त्याच्या तोंडी 'जरा' मी कधी ऐकला नव्हता.

रिक्षा. ससून. बायकोचा फोन लागेना.
छातीवर नंबर तसाच, चार पिनांनी टोचलेला;
नर्सनं एकेक पिन काढून
माझ्या तळहातावर ठेवली.
दुपारी पावणेतीनला डॉक्टर म्हणाले, वाचला.
तेव्हा कुठं मनगटाकडं लक्ष गेलं.
घड्याळ चालूच होतं.

नऊ तास चौदा मिनिटं अडतीस सेकंद.
आयोजकांच्या यादीत माझ्यापुढं 'अपूर्ण' होतं.
मी तसं लिहिलं नाही.
घड्याळानं दाखवलं ते वेळेत लिहिलं,
अंतरात एकतीस.
शेरा रिकामा.
पेन टेकवून बसल्याचा एक ठिपका आहे तिथं, फुगलेला.

या दिवाळीत कुंदन आला.
आता पळत नाही, जिन्यात दोनदा थांबला.
चकली मोडत वही चाळायला लागला,
ओठ हलवत वाचतो तो.
सत्तेचाळिसाव्या पानावर ओठ थांबले.

"एकतीस नाही, काकू.
तिसाची पाटी समोर दिसत होती, तिच्या अलीकडंच बसलो आपण.
तीच बघत पळत होतो मी,
पाटीपर्यंत जाऊ, मग सांगू काकूंना,
असं चाललं होतं मनात."

"मग एकोणतीस आणि काही?"

"आणि बरंच काही."

कारखान्यात खाडाखोड चालायची नाही.
चुकीवर एकच आडवी रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे,
बरोबर आकडा शेजारी, आणि सही.
एकतिसावर रेघ मारली.
'२९ आणि बरंच काही' लिहिलं.
शंभराव्या भागावरून माणसं परत पाठवणारी मी,
मीच सही केली त्याच्यापुढं.

"दुसरी सही लागते ना?" त्यानं विचारलं.
कधीतरी मीच सांगितलं असणार.
बोटं तेलकट, त्यानं ती शर्टाला पुसली,
पेन मुठीत धरल्यासारखं धरलं.
त्याची सही लांबलचक;
रकान्याची रेघ ओलांडून शेऱ्यात शिरली
आणि त्या ठिपक्यावरून पुढं गेली.

मी काही बोलले नाही.
चहा टाकायला उठले.