समासातला ठिपका

सल्लागार हवा आहे, अशी जाहिरात देऊन
तीन आठवडे झाले.
आमची प्रयोगशाळा केयोनच्या धक्क्याला टेकलेली.
खिडकीतून आम्हाला बोटी दिसतात, बोटींवरून आम्ही:
शिंपले तपासणाऱ्या पाच बायका,
रात्री खोकणारा एक फ्रीज,
आणि अकरा वर्षांच्या वह्या.

समुद्र कधी लाल होतो. कधी होतच नाही,
आणि तरी शिंपल्यात विष असतं.
म्हणून नमुना, क्रमांक, वेळ, सही.
एक आकडा एक घर सरकला
की रविवारी जेवताना
कुणाची तरी जीभ बधिर होते.
हे सगळं आता संगणकात घालायचं आहे.
राजधानीने पैसे मंजूर केलेत,
सोबत एक तक्ता पाठवलाय:
पात्रता, शंभरपैकी गुण.

पहिला आला लाराएचेआ.
बूट इतके स्वच्छ
की धक्क्यावरून चालत आला कसा, कळेना.
त्याने भिंतीवर चौकोन दाखवले, चौकोनांतून बाण,
बाणांच्या टोकाला एक ढग.
"होईल," म्हणाला. "तेही होईल."
ओर्तेन्सियाने विचारलं, वीज गेली तर?
"होईल," म्हणाला.

दुसरे गृहस्थ पडद्यावर भेटले, हॅम्बुर्गहून.
सतरा प्रयोगशाळा उभ्या केलेल्या,
औषधांच्या, रक्ताच्या, एक तर बिअरची.
माणूस वाईट नव्हता.
त्यांच्याकडे रात्र झाली होती,
मागे एक मूल पाणी मागत होतं,
आणि आमच्या अर्ध्या वर्षाच्या पगाराएवढी
त्यांची एका दिवसाची फी
त्यांनी फार हळू आवाजात सांगितली.

यास्ना मिमिका रात्रीच्या बसने आली, डोळे सुजलेले.
खुर्चीवर बसायच्या आधीच तिने विचारलं,
"चिठ्ठी नसलेला नमुना आला की काय करता?"
आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
नियमात उत्तर होतं.
नियमातलं आम्ही करत नव्हतो.

मग ती वह्या घेऊन बसली.
दुपार टळली, चहा गार झाला.
दोन हजार सतराच्या वहीत एका जागी बोट ठेवून म्हणाली,
"हा ठिपका कसला?"
समासात, पेन्सिलचा, मोहरीएवढा.
आणि पुढच्या पानावर. आणि त्याच्या पुढच्या.
मी इथे नऊ वर्षं प्रमुख आहे.
मला तो कधी दिसला नव्हता.

ओर्तेन्सिया कानापर्यंत लाल झाली.
"बर्फ वितळलेला असला की देते.
नमुना परत कसा पाठवायचा?
माणूस तीन तास लाटा खात आलेला असतो.
पण मग तो आकडा मी दोनदा काढते."

यास्ना काही बोलली नाही.
स्वतःच्या वहीत तिने लिहिलं: ठिपक्याला जागा.

किती दिवसांत होईल, मी विचारलं.
"माहीत नाही," ती म्हणाली.
"आधी आठवडाभर मला फ्रीजशेजारी बसू द्या. रात्रपाळीला."

आता तक्ता भरते आहे.
प्रमाणपत्रं: एक.
अशाच स्वरूपाची कामं: दोन,
त्यातलं एक बंद पडलेलं, हेही तिनेच सांगितलं,
"वापरणाऱ्यांना मी फार उशिरा विचारलं होतं."
कालमर्यादेचं आश्वासन: नाही. शून्य.
बेरीज एकसष्ट.
लाराएचेआची अठ्ठ्याऐंशी.

माहीत नाही म्हणता येणं, याला रकाना नाही.
कमी गुणवाल्याला निवडल्यास कारण द्यावे,
आणि कारणाला दोन ओळी.
सकाळपासून चार वेळा लिहून खोडलं.
उद्या टपाल जायचं आहे.

खाली बोट लागली.
ओर्तेन्सिया बादली घेऊन उतरते आहे.
चिठ्ठी वाचायच्या आधी
ती बर्फात हात घालून पाहते, मनगटापर्यंत.
अकरा वर्षं घालत असणार.
मी आज पाहिलं.