बहिरी

आमच्या गावात पाऊस नाही.
गुरुवारी पाण्याचा टँकर येतो,
निळ्या पिंपांत मोजून ओततो,
उरलेले सहा दिवस
समोर एवढं पाणी, की बघून जीभ सुकते.

मागे अटाकामा. पुढे कातळ.
मधल्या चिंचोळ्या पट्टीत बावीस घरं,
पत्र्याची, प्लायवुडची,
एक तर पालथ्या होडीचंच.
आणि दगडांवर वाळत घातलेलं हुइरो,
समुद्राचं काळं, चामड्यासारखं गवत,
आई ते किलोवर विकते.
माझी फळी त्याच पैशातली,
तीनदा मोडलेली, तीनदा सांधलेली,
अमेरिकन पोरं टाकून गेली होती ती.

लाटेचं नाव ला सोर्दा. बहिरी.
दक्षिणेतल्या कुठल्याशा वादळातून निघते,
थंड पाण्यातून आठवडाभर चालते,
चालताना कुणाला दिसतसुद्धा नाही,
आणि गुडघाभर पाण्याखालच्या सपाट खडकाशी
एकदम उभी राहते,
उधारीचा माणूस दारात उभा राहावा तशी.
हाका मारा, शिव्या घाला, मेरीमातेचं नाव घ्या.
म्हणून बहिरी.

नोल्बेर्तोकाकाचे दोन्ही कान समुद्रानं घेतले.
चाळीस वर्षं रबरी नळीतली हवा चावत
तो तळाशी समुद्री साळिंदरं खरवडत होता.
एक दिवस वर आला तर त्याला वाटलं,
होडीतला कॉम्प्रेसर बंद पडलाय.
चालूच होता.

आता तो कातळावर तळहात टेकून बसतो.
मोठ्या लाटांची टोळी येणार असली
की दगडाला आधी कळतं, मग त्याला,
मग पेलिकनांना, सगळ्यात शेवटी मला.
टोपी काढली: थांब.
टोपी घातली: जा.
एवढ्या दोन शब्दांवर
माझी नऊ वर्षं निभली.

त्या सकाळी कामांचाका उतरलं,
डोंगरावरून नव्हे, पाण्यावरूनच उठून,
ओल्या घोंगडीसारखं.
आधी घरं गेली, मग कातळ,
मग काका, मग टोपी.
मी फळीवर बसलेली, पाय बर्फ,
शेजारी एक समुद्रसिंह शिंकला, तोही दिसला नाही.

मीही मग तळहात टेकला पाण्यावर,
काका टेकतो तसा, डोळे मिटून.
काही कळलं नाही.
पाणी गार होतं, एवढंच.

मग क्षितिज जाड झालं.
मी वळले. दोन हात, तीन हात, चौथा मारायच्या आत
तिनं मला उचललं
आणि खाली खडक दिसला, अगदी स्पष्ट,
त्याच्यावरचं एकेक साळिंदर
जांभळं, काटे सरळ करून बसलेलं.
उभी राहिले की नाही आठवत नाही.
राहिले असणार,
कारण छत माझ्या डोक्यावरून पुढे गेलं
आणि समोर जी गोल खिडकी उरली
तिच्यात नुसतं पांढरं धुकं.

आणि आवाज नाही.

एवढी लाट, एवढा दगड, आणि आत
विहिरीच्या तळाशी उतरल्यासारखी शांतता,
किंवा त्याहून जुनी.
किती वेळ? एक श्वास. अर्धा असेल.

मग अर्थातच तिनं फेकलं.

काकानं माझी टाच मांडीवर घेतली.
लिंबू पिळलं, चाकूच्या टोकानं
एकेक काटा काढला, सतरा झाले.
मी ओरडत होते.
त्याला त्याचं काय!
बोटानं लाटेकडे, मग स्वतःच्या कानाकडे दाखवून
त्यानं भुवया उंचावल्या:
आत काय म्हणाली?

मी मान हलवली. काहीच नाही.

काका हसला, दात नसलेलं, मोठ्यानं,
परमुलखात इतक्या वर्षांनी
आपल्या गावचं कुणी भेटावं तसा.
माझ्या गुडघ्यावर थाप मारली, पुन्हा मारली.

तेवढ्यात वर रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला.
मी वळून पाहिलं.
माझं वळणं पाहून तो उठला,
आणि दोन्ही घरची पिंपं घेऊन चढणीला लागला.