चौसष्ट

नुआकशॉतच्या फोनबाजारात
दुकान सिदातीचं, मी हरकाम्या.
गिऱ्हाईक जुनंच कार्ड पुढे करतं :
यातच बसव सगळं.

मग एकशे अठ्ठावीसचं चौसष्ट.
आधीच गाळलेलं पुन्हा गाळायचं.
टाळ्यांची वाळू होते,
तारेचं शेपूट तुटतं.
तक्रार कुणाची नाही.

"यातून जातं काय?"
मुनीनाने विचारलं.
"कानाला कळत नाही ते,"
मी पाठ केलेलं उत्तर दिलं.

तिने एका फाईलवर बोट ठेवलं.
कुणाचं तरी लग्न. तिचा भाऊ तिदिनित वाजवतोय.
सुरुवातीला तो खाकरतो,
कुणीतरी चहाचा ग्लास ताटात ठेवतं.
भावाबद्दल ती आणखी काही बोलली नाही.
"आता तुझं ऐकव."

चौसष्टमध्ये खाकरणं होतं.
ग्लासही होता.
दोहोंच्या मधला तंबू तेवढा नव्हता.

तिने मान हलवली.
"याला हात लावू नकोस.
बाकीची पिळ, हवी तेवढी."

बाकीची दोनशे अकरा
मी बत्तीसवर आणली.
सगळे गायक विहिरीतून गायला लागले,
बायका, पुरुष, एकाच गळ्याने.

तिने एकही ऐकून पाहिलं नाही.
कार्ड पदराच्या गाठीत बांधलं,
आणि सुटे पैसे
दोनदा मोजून घेतले.