सोनापूर

आमच्याकडे सोनापूर म्हणजे मसण.
म्हापणकर हसायचा: इथं बघ,
रोज रात्री बस पकडून झोपायला जातो.

देव नाही, म्हणायचा, शेंगा सोलता सोलता.
आणि मेल्यावर?
एसी बंद केल्यावर जे ऐकू येतं ना, तेवढंच.

टायपिंग सेंटरमधला शमीर विचारतो, धर्म?
मी म्हणतो, लिही, नव्हता.
त्याची बोटं कीबोर्डवर अधांतरी.
रकाना रिकामा सोडता येत नाही, भाई,
पुढचं पान उघडत नाही.

हिंदू, मग.

एम्बामिंगच्या दाराशी आम्ही चौघं.
गुलजमान चाचा ओठातल्या ओठात काही म्हणतात,
नेपाळी पोरगा बुटाची लेस सोडतो, पुन्हा बांधतो.
पेटीवर वजन: एकशे अठरा किलो, लाकूड धरून.
बाकी कशाचं वजन धरलंय,
विचारावंसं वाटलं. कागदावर सही केली.

खोलीत वरच्या बंकवर चादर
अजून त्याच्याच घडीची, शेंगांची टरफलं उशीखाली.
सगळे झोपल्यावर एसी बंद केला
आणि ऐकत पडलो.

पाठ भिजली. काही नाही.
काही नाही, तेही नीट ऐकू येईना,
शेजारच्या खोलीत कुणी खोकत होतं.

दोनच्या सुमाराला अंधारातून कोण तरी ओरडलं:
मरायचंय का? लाव ते.