कानोसा

आर्विड लाहतींच्या अंगात तीन शर्ट होते.
आत लोकरीचा, त्यावर चौकड्यांचा,
त्यावर आणखी एक चौकड्यांचा,
आणि बाहेर उणे एकवीस.
मी तिन्हींवरूनच स्टेथोस्कोप टेकवला.
हीटर गुरगुरत होता, बाकावर चौघे खोळंबलेले,
आणि एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला
कपडे काढा म्हणताना मी कानकोंडी झाले.
लिहून टाकलं : हृदय सामान्य. जास्तीचा आवाज नाही.

अकरा वर्षं याच काउंटीत ॲम्ब्युलन्सवर होते मी.
उलटलेल्या ट्रकखाली हात सारून नाडी शोधलीय,
कुणाच्या सौनात, कुणाच्या गोठ्यात.
तेव्हा कात्रीनं सरळ फाडायचे कपडे.
आता विचारायचं असतं.

सदतिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसले.
सत्तावीस महिन्यांचा अभ्यासक्रम,
पहिलं वर्ष तर बादल्यांनी ओतलं डोक्यावर.
डुकराच्या खुरांवर टाके घालायचा सराव,
आणि ते खूर आमच्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे;
रात्रभर बर्फ ढकलून पहाटे घरी आलेला लायल
दूध शोधताना असा ओरडला
की शेजारचं कुत्रं जागं झालं.
त्याची आई अजून विचारते, “मग डॉक्टर कधी होणार?”
होणार नाही, म्हणते मी.
“मग एवढं कर्ज कशाला?”
फिजिशियन असिस्टंट. तिसऱ्यांदा समजावते.
ती बटाटे सोलत राहते.

वेंडेल स्क्रोगिन तीस वर्षं हेच काम करतोय,
त्याआधी नौदलात जखमा बांधायचा.
डॉक्टर या गावात फक्त मंगळवारी येतात,
उरलेले वार त्याचे.
संध्याकाळी माझ्या नोंदींवरून बोट फिरवत
तो लाहतींपाशी थांबला.
“काय ऐकलंस?”
काही नाही.
“काही ऐकलं नाहीस, की काही नव्हतं?”

हीटरचा आवाज तेवढा येत राहिला.
रागावला असता तर बरं झालं असतं.
त्यानं फक्त फोन माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी ते आले, वर्तमानपत्रात
धुरी दिलेला मासा गुंडाळून, आणि चिडलेले.
“आता दोनदा पैसे घेणार?”
नाही. काल मी नीट ऐकलं नाही. चूक माझी.
बराच वेळ बघत राहिले माझ्याकडे.
मग बटणांना हात घातला.
तांब्याच्या खाणीनं बोटं कधीच वाकडी केलेली,
एकेका बटणाला वेळ लागला.
मदत करू का, हे ओठांवर आलं; गिळलं.
हीटर बंद केला,
स्टेथोस्कोपची चकती मुठीत धरून ऊब दिली.

उरोस्थीच्या उजव्या कडेला, दुसऱ्या बरगडीखाली,
जाड दाराआड कुणी ओलं लाकूड करवतीनं कापतंय असं;
चढत जाणारं, मग उतरणारं,
आणि मानेपर्यंत पोचणारं.
एवढं मोठं. कालही असणार हे,
तीन शर्टांच्या आत, माझ्या कानापासून वीतभर.

जिना चढताना थांबावं लागतं?
“थांबत नाही. खिडकीतून तळं बघतो.”
किती वेळा?
“पूर्वी एकदा.” मग, लोकरीच्या शर्टात डोकं घालत,
“आता दोनदा.”

एक झडप अरुंद झालीय असं वाटतंय, म्हटलं,
खात्री नाही मला, विचारून येते.
तो वाक्याचा शेवट परीक्षेत कुठेच नव्हता.
“तू डॉक्टर नाहीस ना?”
नाही.
“हं,” म्हणाले, आणि पुन्हा बटणांकडे वळले.

कालची ओळ खोडता येत नाही.
तिच्याखाली नवी जोडायची, वेळ टाकून, सही करून.
वेंडेलनं स्वतः ऐकलं, डोळे मिटून,
मग माझ्या सहीखाली त्याची.
मार्केटच्या हृदयतज्ज्ञांची तारीख मिळाली नऊ दिवसांनी,
रस्ता उघडा राहिला तर.
तेवढं लायलला सांगायला हवं.

मासा टेबलावरच राहिला.
पुढच्या पोरीचा कान दुखत होता,
तिनं आत येताच नाक मुरडलं, मग कुडकुडली.
हीटर लावायचा राहूनच गेला होता.