खालचा आवाज

कंडेन्सर घेऊ नका, झुराब म्हणाला,
त्याचे कान फार तिखट.
तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट नाणं गिळते
तेसुद्धा गाण्यात येईल.

मग डायनॅमिक घेतला, वापरलेला,
जाळीवर कुणाच्या तरी लिपस्टिकचा डाग.
कोटांच्या कपाटात उभा केला
ओठांपासून वीतभर, जरासा तिरपा.
भरतकामाच्या रिंगणावर जुना स्टॉकिंग ताणला,
कारण आमची जॉर्जियन ठेचा खात चालते
व्यंजनामागून व्यंजन,
आणि प्रत्येक ठेच माइकला लागते.

वरचा आवाज माझा.
मधला त्सियालाचा, तोही मीच गायले,
ती पोलंडात कोंबड्या पॅक करते.
खालचा वाझामामाचा.
तिथवर माझा गळा उतरत नाही,
मध्येच पायऱ्या संपतात.

फ्रीज बंद ठेवायचे, अर्थातच.
लोणी पातळ व्हायचं.
तिसऱ्या रात्री विसरले.
ऐकताना एका कानावरून हेडफोन घसरला
तर स्वयंपाकघरात, आम्हा दोघींच्या खाली,
कुणीतरी एकच सूर धरून उभं.
हट्टी. श्वास न घेता.

दोन्ही आवाज पुन्हा गायले,
अर्धा सूर खाली, फ्रीज होता तिथे.
मग माइक त्याच्या पाठीला टेकवला.

शेवटच्या ओळीआधी
खट्ट करून थांबला तो.
मामाही नेमका तिथेच थांबायचा,
पेला भरायला.