भलती शिवण

मेणाच्या ठोकळ्यात गाठ आली,
रबरबँडने बांधलेली, सोबत चुरगळलेली चिठ्ठी :
बिल्किस तांबोळी, वय सेहेचाळीस, गंज पेठ.
डाव्या कानाखाली. तीन वर्षं. दुखत नाही.
व्यवसायाच्या रकान्यात, बहुधा तिनंच लिहिलेलं :
फॉल-पिको.

आधीच्या अहवालात तिचं नाव वेगळं होतं.
त्याआधी, घरात, ते नुसतं गालगुंड होतं,
दोन-तीन लेप लावून झालेलं.
मी काच सरकवली. गुलाबी पेशी,
त्यांच्या पोकळ्यांत साचलेला पातळ रस,
चिंचेच्या आठवणीनं पाणी सुटावं
आणि गिळायला कुणी नसावं, तसा.
जुनं नाव बसत होतं,
पण काखेत ओढणारं ब्लाउज बसतं तसं.

एरंडवण्यातल्या या खोलीत वीस वर्षं
मी माणसं पाहिलेली नाहीत. काप पाहिलेत.
चार मायक्रॉन जाडीचे.

दिवे घालवले.
निळ्या केंद्रकांवर लाल टिपका, हिरवा टिपका.
जनुक शाबूत असलं की दोघे खेटून बसतात,
बाकावरच्या शाळकरी पोरांसारखे.
इथे लाल एकीकडे, हिरवा भलतीकडे.
मोजू लागले.
कर्वे रस्त्यावरून मेट्रो गेली, आकडा विसरले,
पुन्हा पहिल्यापासून.
शंभरातल्या एक्क्याऐंशी पेशींत फारकत.
बाराव्या गुणसूत्राचा धागा मध्येच तुटलेला,
पंधराव्याला जाऊन शिवला गेलेला.
कुणी? कुठल्या झोपेत?

अहवालात नवं नाव लिहिलं.
पुढे 'दुर्मिळ' लिहिलं, आणि खोडलं.
तो शब्द आमच्या कामाचा, तिच्या काय कामाचा.

ठोकळा परत न्यायला ती स्वतःच आली.
वण कानापासून हनुवटीकडे,
टाके तिनं आरशात मोजलेले :
"एकवीस. शेवटचे तीन घाईत घातलेत."
मी सांगितलं, एका धाग्याचं टोक
भलत्याच धाग्याला जोडलं गेलंय.
"उसवता नाही येत?"
नाही. पण ही शिवण ओळखणारी गोळी आहे,
पुढे गरज पडलीच तर. बहुधा पडणार नाही.
ते 'बहुधा' तिनं पर्समध्ये ठेवलं, ठोकळ्याशेजारी,
आणि चेन लावली.

मग दारात थांबून म्हणाली,
लाइट घेतल्यापासून तोंड कोरडं पडतंय, मॅडम,
दोऱ्याचं टोक ओलं होत नाही, सुईत जात नाही.
लेक ओलं करून देते, ती शाळेत गेली की काम बंद.
लक्ष्मी रोडवरच्या साठ साड्या येऊन पडल्यात.

त्याला माझ्याकडे तपासणी नव्हती.
पाण्याची वाटी घ्या जवळ, असं काहीतरी बोलले.
तिनं मान हलवली. वाटी तिला आधीच सुचली असणार.

रात्री कोटाचं बटण शिवायला बसले.
दोरा ओठांत धरला,
आणि तो ओला झाला. लगेच. न मागता.